अफूच्या दप्तरातील रोगी

मुंबईतील जमशेटजी जिजीभाई रुग्णालय आणि पुण्यातील ससून रुग्णालय या दोन वास्तूंच्या पायरीला ज्यांचे पाय कधीच लागले नाहीत अशी कुटुंबे महाराष्ट्रात थोडीच असतील. पहिले १८४५ साली सुरू झाले, दुसरे १८६७ साली. पहिल्याच्या उभारणीसाठी सर जमशेटजींनी एक लाख रुपये दिले, दुसऱ्याचा भार मुख्यतः डेव्हिड ससून यांच्या देणगीने उचलला. हे दोघेही पुरुष आपल्या काळी दानशूर म्हणून विख्यात होते आणि ती ख्याती सार्थही होती. तथापि हे दान ज्या संपत्तीतून आले, तिचा मोठा भाग माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनच्या किनाऱ्यास पोचवून मिळालेला होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना विदित असली तरी रुग्णालयाच्या दारात केसपेपरसाठी रांग धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला तिची वार्ताही नसते. मृतांच्या औदार्याला डाग लावावा या हेतूने ती येथे काढलेली नाही. ज्या चिकाच्या व्यापारावर ही रुग्णालये उभी राहिली, त्याच चिकातून निघणारे मॉर्फिन हे मरणासन्न रोग्याच्या तीव्र वेदनेवरचे आजही सर्वात भरवशाचे औषध आहे, आणि तरीही ज्या देशाने ही अफू शतकानुशतके पिकवली, तोलली, पेटाऱ्यांत भरली आणि जगाला विकली, त्या देशातील कर्करोगाचा रोगी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या औषधाच्या थेंबावाचून तळमळत मेला. असे का घडले, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभ आपल्या प्राचीन वैद्यकापासून करणे उचित होईल. चरकसंहितेने व्याधींचे साध्य आणि असाध्य असे दोन वर्ग कल्पिले, आणि असाध्यांतही जो पथ्योपचाराने आयुष्यभर आवरून धरता येतो तो याप्य व ज्यावर उपचारच करू नयेत तो प्रत्याख्येय, असा भेद केला. असाध्य रोग्यावर हात घालणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि यश यांची हानी होते, असा इशारा तिने दिला. इतकेच नव्हे, तर मृत्यू समीप आल्याची जी अरिष्टलक्षणे, ती वैद्याने अचूक ओळखावीत म्हणून इंद्रियस्थानाचे बारा अध्याय त्यांच्याच वर्णनाला दिले. आजच्या वाचकाला यात निष्ठुरता दिसण्याचा संभव आहे. परंतु ज्या काळी वैद्याच्या हाती रोग हटविण्याची साधने मर्यादित होती, त्या काळी निष्फळ उपचारांनी रोग्याला छळू नये आणि त्याच्या आप्तांना खर्चात बुडवू नये, हा विवेकही त्यामागे होता हे विसरून चालणार नाही. शिवाय चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीला चरकाने उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा, यालाही समान स्थान दिले आणि त्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण असावेत असे सांगितले. वैद्य जेथे थांबतो तेथून पुढची वाट या उपस्थात्याची होती.

व्यवहारात हा उपस्थाता म्हणजे बहुधा घरातील स्त्री. महाराष्ट्रातील घराघरांत मरणाची जी रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली, तिच्यात रोग्याचे अंग पुसणे, कूस बदलणे, ओठ ओले करणे, घोटघोट पेज पाजणे हे काम सुनालेकींकडे असे, आणि अखेरची घटका आली की सारवलेल्या भुईवर दर्भ पसरून त्यावर रोग्याला उतरवणे, मुखात गंगोदक व तुळशीपत्र घालणे, गोदान सोडवणे हे विधी घरातील वडीलधारी मंडळी आणि उपाध्याय पाहत. कित्येक ब्राह्मण गृहस्थ अंतकाळी आतुरसंन्यास घेऊन मगच देह ठेवीत. थोरले माधवराव पेशवे क्षयाने खंगून १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी नऊ कलमांची जी यादी करून ठेवली, तिच्यात राज्याचे कर्ज फेडण्याची आणि काशी-प्रयाग ही क्षेत्रे सोडविण्याची चिंता आहे. सोसावा लागणाऱ्या क्लेशांविषयी अक्षर नाही. यात नवल करण्यासारखे काही नाही. ऋण, धर्म आणि वंश यांचा निकाल लावून जाणे हे त्या काळी चांगल्या मरणाचे लक्षण होते, आणि देहाची वेदना हा प्रारब्धाचा भोग असल्याने तिची नोंद करण्याचे प्रयोजन कोणाला वाटत नव्हते.

तथापि ही वेदना शमविणारे द्रव्य त्या सुमारास सर्वत्र सुलभ होते. चरक आणि सुश्रुत यांना अहिफेन, म्हणजे अफू, ठाऊक नव्हते. ते शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथांत प्रथम आढळते आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशापर्यंत वैद्यांच्या बटव्यात कायमचे रुळते. याच सोळाव्या शतकात गोव्यात राहणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचीही चिकित्सा करीत असे, आणि मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात अफूवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. खंबायतेच्या बाजारात येणारी अफू बहुतांशी माळव्याची, हेही त्याला माहीत होते आणि सवय जडलेल्या माणसाला ती एकाएकी सोडता येत नाही, हेही. अतिसार, खोकला, निद्रानाश, प्रसूतीनंतरच्या कळा, जुनाट सांधेदुखी अशा नाना व्याधींवर कणभर अफू दुधात किंवा विड्यात देण्याची चाल पुढे इतकी सार्वत्रिक झाली, की वैद्याला विचारण्याचीही गरज उरली नाही. मरणाऱ्याला ती कोणी मुद्दाम मरणाचे औषध म्हणून देत नसे. पण शेवटच्या आजारात तो ज्या कळांनी कासावीस होई त्या कळांवरचे घरगुती औषध तीच होती, म्हणून ती त्याच्या वाट्याला येत असे. या गोष्टीचा कोणी हिशेब ठेवला नाही. हिशेब ठेवला गेला तो अफूच्या व्यापाराचा.

बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने १७७३ साली अफूचा मक्ता कंपनी सरकारच्या हाती घेतला आणि पाटणा व बनारस येथील एजन्सींमार्फत तिची लागवड, खरेदी व लिलाव यांची चोख व्यवस्था लावून दिली. परंतु माळव्याची गोष्ट वेगळी होती. उज्जैन, मंदसौर, नीमच हा मुलूख शिंद्यांचा, इंदूर होळकरांचे, आणि भोवती लहानमोठ्या संस्थानांचा पसारा. १८१८ साली मराठी सत्तेचा पाडाव झाला तरी या संस्थानांच्या शेतांवर कंपनीचा थेट अंमल बसला नाही. आधी संस्थानिकांशी करार करून सारा माल आपणच विकत घेण्याचा प्रयत्न कंपनीने करून पाहिला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बैलांच्या तांड्यांवरून तो राजपुताना व सिंधमार्गे कराचीस आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला पोचवला, जेथे कंपनीचा कायदा चालत नव्हता. अखेर १८३१च्या सुमारास तिने व्यवहारी तोडगा काढला: माल मुंबईस आणावा, पेटीमागे पावणेदोनशे रुपये भरून परवाना घ्यावा आणि खुशाल चीनला धाडावा. १८४३ साली सिंध प्रांत जिंकला गेला आणि कराचीची वाट बंद झाली, तसा हा दर चढत गेला आणि १८४७ पर्यंत चारशे रुपयांवर जाऊन पोचला. एका पेटीत साठ किलोंच्या आसपास अफू मावे, आणि अशा हजारो पेट्या दरसाल मुंबईच्या धक्क्यावरून जहाजांत चढत.

या व्यापाराने मुंबईचे रूप पालटले. जमशेटजी जिजीभाई, त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद व महंमद अली रोगे, मूळचे गोव्याचे रोजेरिओ द फारिया, बगदादहून येऊन १८३०च्या दशकात स्थायिक झालेले डेव्हिड ससून अशा पारशी, गुजराती, कोकणी मुसलमान, गोमंतकीय ख्रिस्ती आणि यहुदी सावकारांच्या पेढ्यांत तिचा पैसा खेळू लागला आणि तेथून तो धर्मशाळा, विद्यालये, माहीमचा पूल व रुग्णालये यांच्या रूपाने शहरात उतरला. सरकारच्या बाजूने पाहता, जमीनमहसुलाच्या खालोखाल ज्या मोठ्या बाबी होत्या त्यांत अफूची गणना होई आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या सातव्या हिश्श्याइतकी रक्कम तिच्यातून येत असे. अर्थात या साऱ्या जमाखर्चात अफू म्हणजे चिनी ओढणाऱ्याच्या नळीसाठी योग्य असा माल एवढाच अर्थ होता. गाझीपूरच्या कारखान्यात मालाची प्रत पाहिली जाई ती त्याच दृष्टीने. औषधी द्रव्य म्हणून तिचा कस पाहण्याची कोणाला निकड नव्हती.

आणि हे अशा काळात घडत होते, जेव्हा युरोपात त्याच चिकाचा कस काढण्याचे शास्त्र झपाट्याने पुढे सरकत होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील पाडरबोर्न येथे फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या औषधालयातील तरुण साहाय्यकाने अफूतील निद्राजनक सत्त्व वेगळे काढले. १८२७ पासून मर्क यांच्या कारखान्यात मॉर्फिनचे उत्पादन सुरू झाले. १८५३च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने ते त्वचेखाली देण्याची युक्ती रूढ केली. चिकात गुणकारी अंश किती हे न कळल्यामुळे जो उपचार अंदाजाने होत असे, तो आता ग्रेनच्या मापाने होऊ लागला. परंतु मॉर्फिन काढणारे युरोपीय कारखानदार मुख्यतः तुर्कस्तानची अफू घेत, कारण हिंदी मालात मॉर्फिनचे प्रमाण तिच्या मानाने कमी असे. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान शत्रुपक्षात गेल्यावर मात्र जखमी सैनिकांसाठी हिंदी अफूची आठवण इंग्लंडला झाली. तोपर्यंत जगातील अफूचा सर्वात मोठा निर्यातदार असलेला देश वेदनाशामक औषधाच्या इतिहासात जवळजवळ अनुपस्थित आहे.

दरम्यान इंग्लंडमधील धर्मनिष्ठ मंडळींनी चीनशी चाललेल्या या व्यापाराविरुद्ध मोठा गहजब केला आणि त्याचा परिणाम म्हणून १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. कमिशनने मुंबईसह देशभर फिरून सातशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९५ साली असा निर्वाळा दिला, की हिंदुस्थानात अफूचे सेवन बेताने होते, तिचा औषधी उपयोग मोठा आहे आणि बंदी घालण्याचे कारण नाही. महसूल वाचवू पाहणाऱ्या सरकारला हा निर्वाळा सोयीचा होता, हे उघड आहे. म्हणूनच साक्षीदारांनी सांगितलेल्या औषधी उपयोगाकडेही पुढच्या पिढीने संशयाने पाहिले. त्या संशयाला जोर आणणाऱ्या गोष्टीही होत्याच. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांनी निपचित पडून राहावे म्हणून त्यांना अफू असलेली बाळगोळी देत. १९२०च्या सुमारास झालेल्या वैद्यकीय चौकशीत ही चाल गिरणकामगारांच्या वस्तीत जवळजवळ घरोघरी आढळली, आणि बालमृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. भुकेले मूल, बारा तासांची पाळी आणि अंधारी चाळ यांवरचा इलाज म्हणून वापरली गेलेली अफू आणि मरणाऱ्याच्या कळा शमविणारी अफू यांत भेद करण्याइतकी उसंत सुधारकांना नव्हती.

येथून अफूच्या दप्तराचे पान उलटते. १९०७च्या करारानुसार चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने कमी होऊन १९१३ साली ती विक्री बंद झाली. हेग आणि जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय करारांमागोमाग १९३० साली घातक औषधांविषयीचा कायदा आला आणि मॉर्फिनची खरेदी, साठवण व वाहतूक परवान्याच्या कक्षेत गेली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय सरकारने हा प्रश्न नैतिक उत्साहाने हाती घेतला: १९४९ साली मुंबई राज्याने जो दारूबंदीचा कायदा केला त्याच्या कक्षेत अफूही होती, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय पातळीवर असे ठरले, की औषधी कारणाखेरीज अफूचे सेवन दहा वर्षांत बंद व्हावे, त्याप्रमाणे १९५९ मध्ये अफूची खुली दुकाने उठली. या धोरणाने अनेक घरे व्यसनातून वाचली यात शंका नाही. परंतु ज्या क्षणी अफूची दुकाने उठली त्या क्षणी घरगुती औषध म्हणून ती ज्याला मिळत होती तो गरीब रोगी पूर्णतः डॉक्टरवर आणि परवान्यावर अवलंबून झाला, आणि त्या परवान्याचा मार्ग त्याच्यासाठी सुकर करून ठेवण्याचे काम कोणाच्याही वाट्याला आले नाही. जो माल पूर्वी महसूल खात्याचा होता तो आता आबकारी खात्याचा झाला. आरोग्य खात्याशी त्याचा संबंध नावापुरताच राहिला.

याच काळात मरणाचे स्वरूपही बदलत होते. पटकी, प्लेग, देवी यांनी माणसे दिवसांत आणि तासांत जात; १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले तेव्हा शुश्रूषा म्हणजे संसर्गाच्या तोंडाशी उभे राहण्याचे धैर्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यास साथी ओसरू लागल्या आणि महिनोन्महिने चालणारे, हाडामज्जांत कळा उठविणारे कर्करोगाचे मरण अधिकाधिक दिसू लागले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढच्याच वर्षी स्वतः दोराबजीही गेले; त्यांच्या न्यासातून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रोगी तेथे येऊ लागले आणि बहुसंख्य रोगी इतक्या उशिरा येत, की शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांचा काळ टळून गेलेला असे. अशा रोग्याला ‘घरी न्या, आता सेवा करा’ एवढेच सांगून परत पाठविण्यावाचून डॉक्टरांना गत्यंतर नव्हते. त्या सेवेची साधने मात्र त्याच्याबरोबर कोणी दिली नाहीत.

हे साधन काय असावे, याचा विचार प्रथम नेटाने झाला तो इंग्लंडात. डब्लिनमध्ये मरणासन्न गरिबांसाठी धर्मभगिनींनी १८७९ सालीच एक आश्रयस्थान उघडले होते. परंतु तेथील ममतेला शास्त्राची जोड मिळाली ती सिसिली सॉन्डर्स यांच्यामुळे. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झालेल्या या बाईंनी लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये बारकाईने नोंदी ठेवून दाखवून दिले, की मॉर्फिन रोग्याने विव्हळून मागितल्यावर न देता ठराविक तासांनी, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच दिले, तर अल्प मात्रा पुरते, रोगी शुद्धीवर राहतो, बोलतो, जेवतो आणि ज्याला व्यसन म्हणतात ते सहसा लागत नाही. वेदना ही केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची भीती, कुटुंबाची विवंचना आणि श्रद्धेचा प्रश्न गुंतलेला असतो, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. वॉर्सॉहून आलेला एक निर्वासित यहुदी रोगी १९४८ साली त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवून गेला होता. त्या रकमेच्या पायावर १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे राहिले. तेथील अनुभवाच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरील पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तीत साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंतच्या तीन पायऱ्या सांगून औषध तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने द्यावे असे सूत्र घालून दिले.

या १९८६ सालाच्या मागे-पुढे भारतात दोन घटना घडल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने निघालेल्या होत्या. त्याच वर्षी वांद्र्यास माउंट मेरीच्या परिसरात टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या प्रयत्नांतून शांती अवेदना सदन सुरू झाले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांसाठी देशात निघालेले हे पहिले हॉस्पिस, ज्याच्या शाखा पुढे गोव्यात लोटलीस आणि दिल्लीस निघाल्या. त्याआधीच, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, अमली पदार्थांविषयीचा कठोर केंद्रीय कायदा अमलात आला होता. गर्दच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी केलेल्या या कायद्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती. मॉर्फिन जवळ बाळगण्याचे व त्याच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार प्रत्येक राज्याकडे सोपविला होता, आणि म्हणून एका राज्यातील कारखान्यातून दुसऱ्या राज्यातील रुग्णालयात औषध न्यायचे तर पाठवणाऱ्या राज्याचा निर्यात परवाना, घेणाऱ्या राज्याचा आयात परवाना, वाहतुकीचा रवाना आणि साठ्याचा परवाना हे सारे एकाच वेळी मुदतीत असावे लागत. दुसरा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपे. नोंदवहीत एक गोळी कमी भरली तर औषधविक्रेत्यावर फौजदारी येण्याचा संभव. तेव्हा दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, औषध कंपन्यांनी ते बनवणे कमी केले आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने ते कधी लिहून दिले नाही. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा खप नव्वद टक्क्यांहून अधिक घटला आणि १९९७ साली तो अवघ्या अठरा किलोंवर आला.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडावा. १९५३च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्यातीसाठी अफू पिकविण्याची मुभा ज्या सात देशांना दिली होती त्यांत भारत होता. १९८१ पासून अमेरिकेने आपल्या औषध कारखान्यांना लागणारा या जातीचा कच्चा माल किमान ऐंशी टक्के भारत व तुर्कस्तान या दोनच देशांतून घेण्याचा नियम केला. शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत आज केंद्र सरकारच्या अमली पदार्थ आयुक्तांची कचेरी आहे, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, आणि मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला दरसाल मोजून दिलेल्या क्षेत्रात, हेक्टरी ठराविक उताऱ्याच्या अटीवर, बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करण्याचा परवाना मिळतो. शेकडो टन चीक परदेशी जाऊन तेथील रोग्यांच्या वेदना शमवीत होता, आणि नीमचपासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असलेल्या मुंबईत, जेथून एके काळी हजारो पेट्या अफू जहाजांत चढली, तेथे रोग्याचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत होते. ही टंचाई मालाची नव्हतीच. माल गोदामात होता, आणि त्याला रोग्यापर्यंत नेणारा रस्ता कोणी आखलेला नव्हता.

हा रस्ता आखण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांत केरळचे स्थान अग्रभागी आहे. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदना-चिकित्सालय सुरू केले. मॉर्फिनच्या पुडीपासून तोंडावाटे घेण्याचे द्रावण करून देणे स्वस्त पडते आणि परिचारिकेने व गावातील स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन शुश्रूषा केली तर रोग्याला रुग्णालयात खितपत पडावे लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १९९४ साली अहमदाबादेस अशा वेदनाशामक शुश्रूषेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, भारतीय संघटना स्थापन झाली. १९९७ साली पुण्याच्या वारजे भागात सिप्लाच्या साहाय्याने एक केंद्र उघडले, जेथे रोगी शेवटच्याच दिवसांसाठी नव्हे, तर उपचार चालू असतानाही येऊन राहतो आणि घरच्यांना औषध कसे द्यावे, जखम कशी धुवावी, कूस कशी बदलावी हे शिकवून परत पाठविले जाते. टाटा रुग्णालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग झाला आणि २०१२ साली तीतील पदव्युत्तर शिक्षणही तेथे सुरू झाले. चरकाच्या उपस्थात्याला या केंद्रांनी पुन्हा चिकित्सेच्या मध्यभागी आणून बसवले. फरक इतकाच, की या वेळी त्याच्या हाती वेदना मोजण्याचे माप आणि तिच्यावरचे औषध दोन्ही दिले.

कायदाही उशिरा का होईना हलला. केंद्राने १९९८ साली राज्यांना सोपे नियम सुचवले; पण बहुतेक राज्यांनी ते दप्तरात ठेवून दिले, म्हणून २००७ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्यात आला. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती करून अमली औषधांचा वैद्यकीय उपयोग सुकर करणे हाही कायद्याचा हेतू म्हणून नोंदवला, अत्यावश्यक अमली औषधांचा एक वर्ग निर्माण केला आणि पुढच्या वर्षी केंद्र सरकारने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन यांसह सहा औषधांसाठी देशभर एकच नियम केला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. रुग्णालयातील मरणाच्या कायद्याचा विचारही याच सुमारास पुढे गेला: परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील अचेतनावस्थेत खिळून पडलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची त्यांच्या सहकारी परिचारिकांनी चार दशकांहून अधिक काळ एकही शय्याव्रण होऊ न देता जी शुश्रूषा केली, तिच्या पार्श्वभूमीवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्फळ उपचार थांबविण्याच्या प्रश्नाचा निवाडा केला आणि २०१८ साली आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. कृत्रिम उपाय थांबविण्याचा अधिकार वेदना शमविण्याच्या व्यवस्थेवाचून अपुरा आहे, हे मात्र त्या निवाड्यांच्या चर्चेत फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

या दीर्घ वृत्तांतातून एक गोष्ट स्पष्ट होते. दोनशे वर्षांत अफूचे दप्तर जकातदाराकडून आबकारी निरीक्षकाकडे आणि निरीक्षकाकडून पोलिसाकडे गेले. प्रत्येकाने आपल्या कर्तव्याला अनुसरून ते चोख ठेवले आणि प्रत्येकाच्या वहीत माल, वजन, मालक व दंड यांचे रकाने होते. ते कारकून निर्दय होते म्हणून रोग्याचा रकाना राहिला असे नव्हे. तो त्यांच्या खात्याचा विषयच नव्हता. सुधारकाने व्यसन पाहिले, सरकारने उत्पन्न पाहिले आणि कायद्याने गुन्हा पाहिला, आणि या तिन्ही दृष्टी आपापल्या जागी बरोबर असूनही वेदनेने पिळवटलेला माणूस त्यांच्या नजरेतून सुटला. २०१४च्या दुरुस्तीने तो रकाना कायद्यात आखून दिला आहे. तो भरण्याचे काम आता जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांचे आहे. मान्यता मागणारा अर्ज अमुक रुग्णालयाने केला आहे काय, तेथील औषधभांडारात मॉर्फिन आहे काय, ते लिहून देण्याचे शिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर आणि घरी जाऊन ते देणारी एक तरी परिचारिका तेथे आहे काय, हे प्रश्न आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या आरोग्य समितीपुढे उघडपणे विचारले गेले पाहिजेत. कारण परवान्याची सबब आता कोणापाशी उरलेली नाही.